दारूचा थेंबही न घेणाऱ्याच्या यकृतात चरबी कुठून येते?



पोट दुखतं म्हणून, मुतखडा असेल म्हणून, नाहीतर पाळीच्या तक्रारीसाठी सोनोग्राफी करायला जावं आणि रिपोर्टच्या तळाशी भलतीच ओळ निघावी, ‘फॅटी लिव्हर, ग्रेड वन’, असं आता आपल्या घराघरांत होऊ लागलं आहे. राजापेठेतल्या बायकांच्या बैठकीत आरोग्याचा विषय निघाला की पाच-सहा जणी तरी पर्समधून अशी घडी घातलेली फाईल काढतात. आणि मग दबक्या आवाजात विचारतात, “ताई, मी तं आयुष्यात दारूले हात नाई लावला, मंग मले हे काहून झालं?”

आवाज दबका असण्याला कारण आहे. लिव्हर म्हटलं की लोकांना दारूच आठवते. त्यात रुग्ण आपल्या वस्तीतला असला, आडनावावरून ओळखू आला, की तपासणाऱ्याच्या तोंडून पहिला प्रश्न निघतो, ‘पीता का?’ प्रश्न विचारायलाच हवा, तो वैद्यकीय प्रश्न आहे. पण उत्तर ‘नाही’ आल्यावरही समोरच्याच्या चेहऱ्यावर जो अविश्वास दिसतो, तो वैद्यकीय नाही. मी नर्सिंग केलं तेव्हा हा चेहरा वॉर्डात अनेकदा पाहिला आहे. पंचशील घेतलेल्या, पाचवं शील काटेकोर पाळणाऱ्या बाईला असं बघितलं गेलं की ती तो कागद घरी दाखवत नाही, पुढची तपासणी करत नाही. आजार आतल्या आत वाढतो. म्हणून या महिन्यात हा विषय जरा खोलात घेऊ.

निरोगी यकृतातही थोडी चरबी असते. ती ५ टक्क्यांच्या वर गेली की त्याला फॅटी लिव्हर म्हणतात. दारूमुळे होणारं फॅटी लिव्हर वेगळं आणि दारूशिवाय होणारं वेगळं. दुसऱ्या प्रकाराला इतकी वर्षं ‘नॉन अल्कोहोलिक’ म्हणजे ‘बिनदारूचं’ असं नाव होतं. २०२३ साली जगभरातल्या यकृततज्ज्ञांनी ते बदललं. आता त्याला चयापचयाच्या बिघाडाशी जोडलेला आजार असं म्हणतात, म्हणजे साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, कमरेचा घेर यांच्या कुटुंबातला. नाव बदलण्याच्या चर्चेत एक मुद्दा हाच होता की जुन्या नावामुळे रुग्णावर ठपका बसतो. भारत सरकारने २०२१ च्या फेब्रुवारीत हा आजार मधुमेह, कॅन्सर, हृदयविकाराच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतला. म्हणजे तो श्रीमंतांचा आजार राहिलेला नाही हे सरकारी कागदावरही आलं आहे.

दुसरा गैरसमज जाडीचा. ‘मी तं काडीसारखी हाय, मले कुठची चरबी?’ हेही नेहमी ऐकू येतं. पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यात खेड्यातल्या, बहुतेक अंगमेहनतीची कामं करणाऱ्या १,९११ लोकांची तपासणी झाली होती, तिचे निष्कर्ष २०१० मध्ये आले. ८.७ टक्के लोकांच्या यकृतात चरबी होती. त्यांतल्या निम्म्याहून अधिक लोकांचं वजन जास्त नव्हतं आणि पोटही सुटलेलं नव्हतं.

याचं कोडं आपल्या पुण्यातल्या संशोधनाने बरंच उलगडलं. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन मित्रांचा एक फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ मासिकात छापून आला. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. बाहेरून सारखे, आतून दुप्पट फरक. याज्ञिकांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायांचा अभ्यास केला. त्यांची बाळं सरासरी २.७ किलोची होती, इंग्लंडच्या साउथॅम्प्टनमधली ३.५ किलोची. वजन कमी, स्नायू कमी, पण चरबी त्या मानाने फारशी कमी नाही. ‘बारीक पण चरबीदार’ असं हे भारतीय बाळ. आईच्या पोटात असतानाच ते टंचाईची तयारी करून येतं, हाती येईल ते साठवायला शिकून येतं.

आता हे आपल्या घराला लावून बघा. ज्यांच्या आजी-पणजीने दुसऱ्याच्या शेतात निंदण-खुरपण करून एक वेळ जेवून दिवस काढले, त्यांच्या नातवंडांच्या हातात आता पाच रुपयांचं कुरकुरीत पाकीट आहे. साठवायला शिकलेलं शरीर आणि स्वस्तात मिळणारा मैदा, साखर, पामतेल. माझ्या मते फॅटी लिव्हरचा प्रश्न आपल्या समाजासाठी इथे गंभीर होतो. तो नुसता ‘खाण्यावर ताबा नाही’ असा प्रश्न नाही.

यकृतातली चरबी येते कुठून? ताटातल्या तेलातून थेट येते असं वाटतं, पण ते पूर्ण खरं नाही. २००५ साली अमेरिकेत काही लठ्ठ रुग्णांवर मोजमाप झालं. यकृतातल्या चरबीपैकी सुमारे ६० टक्के शरीरातल्या इतर चरबीतून वाहून आली होती, पाव हिस्सा यकृताने स्वतः साखर-पिठापासून तयार केला होता आणि खाल्लेल्या तेल-तुपातून थेट आलेली चरबी जेमतेम १५ टक्के होती. म्हणजे भाजीतलं तेल चमच्याने मोजून टाकायचं आणि चहात साखर मुठीने टाकायची, हा हिशेब चुकतो.

आणि आता गेल्या वीसेक वर्षांत या हिशेबात एक तिसरा भिडू आला आहे, आतड्यातले जिवाणू.

जिवाणू म्हटलं की आपल्याला जुलाब आणि टायफॉईड आठवतो. पण आपल्या मोठ्या आतड्यात कोट्यवधी कोटी जिवाणू कायमचे मुक्कामाला असतात. आपल्या शरीरात जेवढ्या पेशी आहेत, साधारण तेवढीच त्यांची संख्या भरते. ते फुकट राहत नाहीत. जे अन्न आपल्याला पचवता येत नाही, म्हणजे कोंडा, साली, डाळींतले काही घटक, ते खाऊन ते जगतात आणि त्या बदल्यात वेगवेगळी रसायनं तयार करतात. गाईने कडबा खाऊन दूध आणि शेण दोन्ही द्यावं तसं. त्यांतली काही रसायनं आपल्याला हवीच असतात, काही त्रासाची.

ही रसायनं जातात कुठे? इथे शरीराची रचना समजून घेतली पाहिजे. आतड्यांतून निघणारं रक्त सरळ हृदयाकडे जात नाही. ते एका मोठ्या शिरेने, तिला पोर्टल शीर म्हणतात, आधी यकृतात जातं. यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन चतुर्थांश या शिरेतून येतं. म्हणजे यकृत हे नाक्यावर बसलेलं आहे. आतड्यातून जे काही येईल, अन्न, औषध, विष, जिवाणूंनी केलेला माल, ते पहिल्यांदा त्याच्या पुढ्यात पडतं. नाक्यावर रोज खराब माल यायला लागला तर आधी भोगणार कोण? यकृतच.

चांगल्या मालापासून सुरुवात करते. तंतुमय अन्न खाऊन जिवाणू तीन छोटी आम्लं तयार करतात, ॲसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट. त्यातलं ब्युटिरेट फार कामाचं. मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशी आपलं बरंचसं बळ त्याच्यावरच घेतात. ते पुरेसं असलं तर अस्तर घट्ट राहतं, पेशी एकमेकींना चिकटून भिंत पक्की ठेवतात, सूज कमी राहते.

ताटातून तंतू गेले की हे जिवाणू उपाशी पडतात. भिंत सैल होते. काही जिवाणूंच्या बाहेरच्या आवरणात एक विषारी घटक असतो, त्याला एंडोटॉक्सिन म्हणतात. सैल भिंतीतून तो झिरपतो आणि पोर्टल शिरेने यकृतात पोचतो. यकृतातले पहारेकरी पेशी त्याला शत्रू समजून पेटून उठतात. चरबी साचलेल्या यकृतात अशी सूज चढली की आजार पुढची पायरी चढतो. नुसती चरबी असलेली बरीच माणसं वर्षानुवर्षं ठीक राहतात. सूज आली, मग व्रण पडू लागले, ते वाढत गेले की सिरोसिस, आणि त्यातल्या काहींना यकृताचा कॅन्सर. प्रत्येकाचं असं होत नाही, पण ज्यांचं होतं त्यांना सुरुवातीला कळतच नाही, कारण यकृत दुखत नाही.

त्रासाच्या मालात सगळ्यात नवलाची गोष्ट म्हणजे दारू. हो, दारू! २०१९ साली चीनमधल्या शास्त्रज्ञांनी एका रुग्णाची हकिगत छापली. तो माणूस पीत नव्हता, पण साखर-पिठाचं जेवण झालं की त्याला नशा चढायची. त्याला यकृताचा आजारही होता. शोध घेतल्यावर कळलं, त्याच्या आतड्यातला क्लेब्सिएला नावाचा जिवाणू साखरेपासून अल्कोहोल तयार करत होता. मग त्यांनी फॅटी लिव्हरचे आणखी ४३ रुग्ण तपासले, तर सुमारे ६० टक्क्यांच्या आतड्यात अशी अल्कोहोल करणारी जात सापडली. ते जिवाणू उंदरांना दिले, उंदरांच्या यकृतात चरबी साचली.

पण मग तपासणीत हे अल्कोहोल दिसत का नाही? याचं उत्तर २०२२ साली नेदरलँड्समधून आलं. ऑपरेशनच्या वेळी रुग्णांच्या थेट पोर्टल शिरेतलं रक्त घेतलं, तेव्हा हाताच्या रक्तापेक्षा तिथे अल्कोहोल कितीतरी जास्त निघालं, आणि आजार जितका पुढचा तितकं ते वाढत गेलेलं. यकृत ते नाक्यावरच जाळून टाकतं, म्हणून पुढे पोचत नाही. पण जाळण्याचं काम रोज त्यालाच करावं लागतं.

कोणी लगेच म्हणेल, ‘घ्या, म्हणजे पोटात दारू होतीच की!’ असं म्हणणाऱ्याला शांतपणे सांगा की हे अल्कोहोल अतिशय थोडं असतं, त्याने नशा येत नाही (त्या चिनी रुग्णासारखा एखादाच अपवाद), आणि शील हे आपल्या चेतनेशी, आपण जाणूनबुजून केलेल्या कृतीशी बांधलेलं आहे. जिवाणूंच्या करणीने कोणाचं शील मोडत नाही. आणि जे खरोखर पितात त्यांनी या लेखाचा आधार घेऊ नये. यकृतात चरबी असताना दारू पिणं म्हणजे पेटलेल्या चुलीत रॉकेल ओतणं आहे.

आणखी दोन रसायनांबद्दल सांगते. पित्त यकृतात तयार होतं आणि आतड्यात उतरतं. तिथले जिवाणू त्याच्यात फेरफार करतात आणि त्यातलं बरंचसं पित्त परत यकृतात येतं. हे बदललेलं पित्त यकृताला एक प्रकारचा निरोप देतं, चरबी किती करायची, साखर किती सोडायची. जिवाणूंची वस्ती बिघडली की निरोपही चुकीचा जातो. दुसरं, कोलिन. हा अंड्यात भरपूर असलेला पोषक घटक. यकृताला आपली चरबी बाहेर पाठवायला तो लागतो. काही जिवाणू तो आधीच खाऊन टाकतात आणि त्याचं ट्रायमिथाइलअमाइन करतात. मग यकृताला एकीकडे कोलिन कमी पडतं आणि दुसरीकडे या नव्या पदार्थाचं ओझं येतं.

हे वाचून अंडी सोडू नका. कोलिन शरीरात फार कमी पडलं तरी फॅटी लिव्हर होतं. ‘मांसाहार सोडा, सात्त्विक खा, लिव्हर साफ होईल’ असं सांगणारे पुष्कळ भेटतात. शुद्ध शाकाहारी घरांतही हा आजार भरपूर आहे, कारण शेव, फरसाण, साबुदाणा, पेढा हे सगळं शाकाहारीच असतं. एखादं अंडं, मासे, बिनचरबीचं चिकन आपल्यासारख्यांना प्रथिनांसाठी हवंच. तळलेलं आणि रोजचं मटण कमी करा, एवढं पुरे.

साखरेचं मात्र कडक सांगते. साखरेचा अर्धा भाग फ्रुक्टोज असतो. थोडी खाल्ली तर लहान आतडं ती निस्तरतं. एका दमात जास्त आली, म्हणजे थंड पेयाची बाटली, शरबताचे दोन ग्लास, की ती उरून यकृताकडे जाते आणि काही मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंकडे. उंदरांवरच्या २०२० च्या प्रयोगात दिसलं की हे जिवाणू फ्रुक्टोजचं ॲसिटेट करतात आणि यकृत त्या ॲसिटेटची चरबी बनवतं. वर ज्या ॲसिटेटला मी चांगल्या मालात मोजलं तेच इथे चरबीचा कच्चा माल होतं. कोंड्यातून हळूहळू येणारं एक, साखरेतून लोंढ्याने येणारं एक. कारण बदललं की परिणाम बदलतो, हे प्रतीत्यसमुत्पाद समजणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

चहाचा हिशेब करा. दिवसाला चार कप, प्रत्येकी दोन चमचे, एक चमचा ५ ग्रॅमचा, म्हणजे ४० ग्रॅम. महिन्याला सव्वा किलोच्या आसपास, एका माणसाची, फक्त चहातली. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरून घातलेली साखर दिवसाला ५० ग्रॅमच्या आत ठेवा आणि २५ च्या आत आली तर अधिक चांगलं. बिस्किटं, जिलेबी, वाढदिवसाचा केक अजून धरलेलाच नाही.

आता आपल्या वऱ्हाडाच्या ताटाकडे येऊ. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रातले डॉ. योगेश शौचे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये दाखवलं की भारतीयांच्या आतड्यात प्रेवोटेला आणि मेगास्फेरा हे जिवाणू विशेष भरपूर असतात. प्रेवोटेला हा धान्य, डाळी, पालेभाज्या खाणाऱ्यांकडे जास्त आढळतो. पिढ्यान्‌पिढ्या भाकर-वरण खाणाऱ्या पोटाने त्याला पोसलं आहे. ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी, मुगाची उसळ, हे आपलं जुनं जेवण या जिवाणूंना हवं तसं जेवण आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांप्रमाणे १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम तंतू असतात, पांढऱ्या तांदळात तीनहून कमी, मैद्यातही तेवढेच. गव्हाच्या कोंड्यासकट पिठात मात्र ११ असतात. म्हणून गहू वाईट नाही, आपण चाळणीने कोंडा काढून गाईला घालतो ते वाईट.

पण ज्वारी खायची कुठून? अमरावती-अकोल्याच्या शिवारात एकेकाळी कापसाच्या जोडीला ज्वारी असायचीच. सोयाबीन आलं, पाखरं-रानडुकरांचा त्रास वाढला, भाव मिळेना, ज्वारी मागे पडली. आज शहरात ती गव्हापेक्षा महाग आहे, आणि राशनवर मुख्यतः तांदूळ आणि गहू मिळतो. मजुरी करणाऱ्या बाईला ‘ज्वारी खा’ असा सल्ला देणं सोपं आहे, तिच्या महिन्याच्या हिशेबात ते बसवणं अवघड. म्हणून राशनवर ज्वारी द्या ही मागणी आपल्या संघटनांनी लावून धरायला हवी, ती आरोग्याचीच मागणी आहे. तोवर राशनचा गहू न चाळता वापरा, तांदळाचा भात अर्धा करून वरण दुप्पट करा, त्यात मेथी, चवळी, घोळ, तांदूळजा, हंगामात जी स्वस्त असेल ती भाजी टाका.

शिळ्या भाकरीबद्दलही विचारलं जातं. भात, भाकर, बटाटा शिजवून थंड झाला की त्यातला थोडा पिष्टमय भाग असा आवळतो की लहान आतड्यात पचत नाही, तो जिवाणूंपर्यंत पोचतो. त्याला प्रतिरोधी स्टार्च म्हणतात. २०२३ मध्ये शांघायच्या एका प्रयोगाचे निष्कर्ष आले. फॅटी लिव्हरच्या २०० रुग्णांपैकी निम्म्यांना चार महिने रोज ४० ग्रॅम प्रतिरोधी स्टार्चची पूड दिली, बाकीच्यांना साधी. पहिल्या गटाच्या यकृतातली चरबी लक्षणीय उतरली, आणि वजन घटल्याचा भाग वजा केला तरी फरक उरला. पण ती खास मक्यापासून केलेली पूड होती. आपल्या शिळ्या भाकरीत त्याच्या मानाने फार थोडा प्रतिरोधी स्टार्च असतो. सकाळची भाकर संध्याकाळी दूध-साखरेऐवजी ताकाबरोबर खा, चांगलंच आहे. भात मात्र उन्हाळ्यात बाहेर ठेवून दुसऱ्या दिवशी खाऊ नका. आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, त्या उष्णतेत भातात वेगळेच जिवाणू वाढतात आणि उलट्या-जुलाब होतात.

एक गोष्ट इथे आठवते. संयुत्त निकायात कोसलराजा प्रसेनजिताची कथा आहे. तो पोटभर, पोटाबाहेर जेवून, धापा टाकत भगवान बुद्धांकडे आला. बुद्धांनी त्याला मात्रा राखून जेवायला सांगितलं. राजाने आपल्या सेवकाला तो उपदेश जेवताना रोज म्हणून दाखवायला लावला आणि हळूहळू त्याचं शरीर हलकं झालं. मला या कथेतला सेवक महत्त्वाचा वाटतो. एकट्या राजालाही जमलं नाही, आठवण करून देणारं कोणी लागलं. आपल्या घरात मात्र पथ्य एकट्या बाईने पाळायचं आणि बाकीच्यांसाठी तळण तिनेच काढायचं, अशी पद्धत आहे.

तसंच जयंतीचं. १४ एप्रिलच्या उन्हात मिरवणुकीत पाणी वाटणारे आपले स्टॉल ही अभिमानाची गोष्ट आहे. पण गेल्या काही वर्षांत पाण्याच्या जागी रंगीत शरबत आणि थंड पेयं आली आहेत. लहान पोरं तीन-चार ग्लास पितात. ताक द्या, मीठ-लिंबाचं पाणी द्या. बाबासाहेबांना स्वतःला मधुमेहाने किती छळलं हे आपण वाचलेलं आहे.

जिवाणूंचं हे शास्त्र निघाल्यावर बाजार मागे कसा राहील? प्रोबायोटिकच्या पुड्या, ‘लिव्हर डिटॉक्स’च्या बाटल्या, सगळं दुकानात आलं. प्रोबायोटिकवर छोटे छोटे प्रयोग झाले आहेत, काहींत थोडा फायदा दिसला, पण फॅटी लिव्हरचा उपचार म्हणून ते द्यावं इतका पुरावा जमलेला नाही. महिन्याला हजार रुपये त्यात घालण्याऐवजी डाळीत घाला. घरचं दही, ताक खायला हरकत नाही. काढ्यांच्या बाबतीत सावध राहा. कोरोनाच्या काळात, २०२० च्या शेवटच्या महिन्यांत, मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेलीचे काढे-गोळ्या घेतल्यानंतर यकृताला इजा झालेले सहा रुग्ण नोंदवले. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, पण यकृत आधीच आजारी असताना असा धोका पत्करायचा कशाला? आणि सर्दी-खोकल्याला मेडिकलवाल्याकडून परस्पर अँटिबायोटिक घेण्याची सवय मोडा. त्या गोळ्या आतड्यातल्या चांगल्या जिवाणूंनाही मारतात.

औषधं नाहीतच असं नाही. आपल्या देशात सॅरोग्लिटॅझारला २०२० मध्ये यकृताच्या सुजेसाठी परवानगी मिळाली आहे, बाहेरच्या देशांतही नवी औषधं येत आहेत. ती कोणाला द्यायची हे तज्ज्ञांनी ठरवायचं. ज्याचा पुरावा सगळ्यात पक्का आहे तो उपाय वजन उतरवणं. वजन ५ टक्क्यांनी कमी झालं तरी चरबी उतरते, ७ ते १० टक्क्यांनी झालं तर सूजही. सत्तर किलोच्या बाईने पाच-सात किलो, सहा महिने ते वर्षभरात, उपाशी न राहता. बारीक माणसाला दोन-तीन किलोही पुरतात. रोज अर्धा-पाऊण तास भरभर चालणं. धुणी-भांडी करून दमलेल्या बाईला हे सांगताना मलाही जड जातं, पण कामाचा थकवा आणि सलग चालणं या वेगळ्या गोष्टी आहेत. बिनसाखरेची कॉफी यकृताला चांगली, ज्यांना झेपते त्यांनी घ्यावी.

तपासणीचं बघू. सोनोग्राफीतल्या ‘ग्रेड’वरून घाबरायचं नसतं आणि निश्चिंतही व्हायचं नसतं. ग्रेड चरबी किती हे सांगतो, व्रण किती पडले हे सांगत नाही. त्यासाठी एक साधं गणित आहे, त्याला फिब-४ म्हणतात. रक्ताच्या नेहमीच्या तपासणीतले तीन आकडे लागतात, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट. वयाला एसजीओटीने गुणा. प्लेटलेटच्या हजारांना एसजीपीटीच्या वर्गमुळाने गुणा. पहिल्याला दुसऱ्याने भागा. समजा बाईचं वय ५२, एसजीओटी ४८, एसजीपीटी ६४, प्लेटलेट १ लाख ८० हजार. ५२ गुणिले ४८ म्हणजे २,४९६. चौसष्टचं वर्गमूळ ८, १८० गुणिले ८ म्हणजे १,४४०. भागाकार १.७३. हा आकडा १.३ च्या खाली असेल तर व्रणांचा धोका कमी, वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा बघायचं. २.६७ च्या वर असेल तर पोटविकार तज्ज्ञांकडे लगेच. मधला असेल, या बाईसारखा, तर फायब्रोस्कॅनसारखी पुढची तपासणी करावी. पासष्टच्या पुढे १.३ च्या जागी २ धरतात, आणि पस्तिशीच्या आत हे गणित भरवशाचं नसतं. दहावी-बारावीतल्या मुलीकडून घरी करून घ्या आणि कागदावर लिहून डॉक्टरांसमोर ठेवा.

मधुमेह, रक्तदाब, थायरॉईड यांची औषधं चालू असतील त्यांनी हे आवर्जून करावं. कावीळ ब आणि क यांची रक्ततपासणी एकदा करून घ्यावी, कारण चरबीच्या आड तेही लपलेले असू शकतात.

तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचा आशाताई एक फॉर्म भरतात. त्यात कमरेच्या घेराचा रकाना असतो. घाईत तो अंदाजाने भरला जातो. आशाताईंना दोष देत नाही, त्यांच्यावर कामाचा डोंगर आहे. तुम्हीच टेप पुढे करा. बायकांचा घेर ८० सेंटिमीटरच्या वर, पुरुषांचा ९० च्या वर असला तर वजन कितीही असो, साखर आणि यकृताची तपासणी मागून घ्या. नागरी आरोग्य केंद्रात साखर, रक्तदाब बघतात, पुढच्या तपासण्यांसाठी इर्विनला पाठवतात, अकोल्याच्या वाचकांना शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. वर्षावासात विहारात सगळे जमतातच. एक टेप, एक वजनकाटा आणि एक वही ठेवली तर पौर्णिमेगणिक महिला मंडळाला हे काम करता येईल.

आणि ही लक्षणं दिसली तर पौर्णिमेची वाट पाहायची नाही. डोळे पिवळे होणं, पाय आणि पोट पाण्याने फुगणं, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौचास, दिवसा गुंगी आणि रात्री जाग, माणूस बरळायला लागणं. यातलं एकही दिसलं तर त्याच दिवशी, रात्र असली तर त्याच रात्री, मोठ्या दवाखान्यात न्या, आणि जुनी फाईल सोबत घ्यायला विसरू नका.